मागची सीट

उत्तमने जॅक लावून डावं चाक उचललं, खाली दोन विटा सरकवल्या आणि जॅक काढून घेतला. यज्ञेश्वर त्या तीनचाकी स्कूटरवर बसला होता तो बसल्या जागी उजवीकडे कलंडला. त्याची बहीण सरला दारात तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती कधी उठली आणि मागच्या सीटच्या डाव्या कडेवर भार देऊन कधी उभी राहिली, हे तिचं तिलाही कळलं नसावं. गाडीचा कल थोडा कमी झाला.

“ताई, तुम्ही बाजूला व्हा,” उत्तम म्हणाला. “साहेबांना दिसू द्या काय होतंय ते.”

सरला बाजूला झाली. गाडी पुन्हा कलंडली. यज्ञेश्वरने हँडल घट्ट धरलं. लहानपणीच्या पोलिओने त्याचे दोन्ही पाय वाळून गेले होते. तोल गेला तर सावरायला त्याच्यापाशी फक्त हात होते.

“आता बघा,” उत्तम गुडघ्यांवर बसून खालचा लोखंडी दांडा दाखवू लागला. “हा एक्सल म्हणजे एकच सरळ दांडा. ह्या टोकाला चाक, त्या टोकाला चाक. एक चाक दगडावर चढलं की आख्खा दांडा तिरका. दांडा तिरका म्हणजे वर बसलेला माणूस तिरका. मी काय करणार, की हा दांडाच काढून टाकणार. मधे रिक्षाचं डिफरन्शियल, म्हणजे चाकं फिरवणारा गिअरचा गोळा, फ्रेमला पक्कं करायचं आणि दोन्ही चाकांना आपापला आर्म, आपापली स्प्रिंग. मग ह्या चाकाला खड्डा लागला तर त्या चाकाला पत्तासुद्धा लागणार नाही.”

“आणि तुम्ही हे का करताय?” यज्ञेश्वरने विचारलं.

उत्तम हसला. “का म्हणजे? मला काम येतं, तुम्हाला गरज आहे.”

हे उत्तर यज्ञेश्वरला पुरेसं वाटलं नाही.

त्याची नोकरी लेखापरीक्षणाची. झाशीतल्या आणि आसपासच्या सरकारी कचेऱ्यांत जाऊन लोकांच्या व्यवहारातली गफलत शोधायची. इतक्या वर्षांत त्याला एक सवय जडली होती. कुणी न मागता मदत केली की तो त्या माणसाकडे दुसऱ्यांदा बघायचा. हवालदार उत्तम शेवाळे बबीन्याच्या लष्करी छावणीत गाड्या दुरुस्त करायचा. मूळचा कोरेगावकडचा. संक्रांतीला मराठी मंडळात तिळगूळ वाटताना त्याची आणि सरलाची ओळख झाली होती. तेव्हा सरलाचं मनगट प्लास्टरमध्ये होतं.

ते मनगट ह्याच गाडीने मोडलं होतं. धुक्याच्या एका सकाळी इलाइट चौराह्याजवळ खणून ठेवलेल्या चरात उजवं चाक गेलं आणि मागे बसलेली सरला रस्त्यावर फेकली गेली. यज्ञेश्वर हँडलला लोंबकळून राहिला, त्याला खरचटलंही नाही. प्लास्टर निघाल्यावर एक दिवस चहा देताना ती म्हणाली होती, “दादा, हा एक्सल आता बदलून घेऊ या.”

सरलाच्या तोंडून एक्सल हा शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला. आजवर ती ‘खालचं’ म्हणायची.

आई-वडील गेल्यापासून घरात ही दोघंच होती. सरला त्याच्याहून लहान, चाळिशी ओलांडलेली, मुलींच्या शाळेत शिक्षिका. तिची शाळा त्याच्या कचेरीच्या वाटेवर पडायची. कदाचित म्हणूनच ती वर्षानुवर्षं त्याच शाळेत राहिली होती. सकाळी दोघं एकत्र निघत. ती मागे बसे, त्याच्या कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन. रस्ता डावीकडे उतरता असला की ती उजवीकडे झुके, उजवीकडे असला की डावीकडे. गाडी मागे घ्यायची वेळ आली की खाली उतरून, पदर खोचून, मागून ओढे. लोक बघायचे. तिला त्याचं काही वाटत नसावं असं यज्ञेश्वरने धरून ठेवलं होतं.

गाडी सिपरी बाजारात रामस्वरूपच्या वेल्डिंगच्या दुकानात गेली. उत्तमला सुट्टी असेल तेव्हा तो बसने यायचा आणि तिथे काम करायचा. मे महिना सुरू झाला होता. दुपारी लूचे गरम वारे इतके वाहायचे की रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. यज्ञेश्वर सायकल-रिक्षाने कचेरीत जाऊ लागला. सरला वेगळी जाई. शाळेला सुट्ट्या लागल्या तरी तिला काही ना काही काम निघत होतंच.

एकदा संध्याकाळी परतताना त्याने रिक्षा सिपरी बाजाराकडे वळवायला सांगितली. उत्तम नव्हता. गाडी चौकटीवर टांगल्यासारखी उभी होती आणि तिचा जुना दांडा भिंतीशी उभा करून ठेवला होता. रामस्वरूपने डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सरकवला.

“आओ बाबूजी! काम तो बढ़िया चल रओ है. फौजी आदमी है, एक-एक चीज नाप के करत है.”

“और कितने दिन?”

“हम का बताएँ. रोज कछू नई चीज जुड़ जात है. कल बहनजी आईं तो एक चीज और बढ़ गई.”

“बहनजी आई थीं?”

“हाँ, घड़ी भर बैठीं. फौजी भैया से बतियात रहीं. मराठी में. हमें का समझ परै.” रामस्वरूप हसला आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

आदल्या दिवशी सरलाने शेजारच्या यमुनाबाईंकडे जाते असं सांगितलं होतं. त्यांच्याकडे लोणच्याच्या कैऱ्या फोडायच्या आहेत, वेळ होईल.

त्या रात्री जेवायला बसल्यावर यज्ञेश्वर तिच्या हातांकडे बघत राहिला. ती पोळी वाढायला वाकली तेव्हा त्याने तिची नखं बघितली. कैरीचा चीक लागला की नखांच्या कडा काळ्या पडतात, आईच्या पडायच्या. सरलाची नखं स्वच्छ होती.

“यमुनाबाईंच्या कैऱ्या झाल्या फोडून?”

“झाल्या की.”

“बऱ्याच होत्या?”

“होत्या,” सरला म्हणाली आणि आमटीचं पातेलं आणायला आत गेली. ती जरा जास्तच वेळ आत राहिली.

त्याने पुढे विचारलं नाही. कचेरीतही तो असंच करी. समोरचा खोटं बोलला की लगेच पकडायचं नाही, अजून बोलू द्यायचं. आता तो हिशेब जुळवू लागला. उत्तम यंदा निवृत्त होणार आहे, हे तो स्वतःच बोलला होता. घरी कोण असतं हे मात्र त्याने कधी सांगितलं नव्हतं, आणि यज्ञेश्वरने मुद्दाम विचारलं नव्हतं. सरला हल्ली आरशासमोर उभी राहते. तिने दोन नव्या सुती साड्या घेतल्या आहेत. मानिक चौकात जाऊन चामड्याची मोठी बॅग आणली, का आणली ते सांगितलं नाही. एका संध्याकाळी फाटकाशी उत्तम आणि ती बोलत उभी होती आणि कुबड्यांचा आवाज येताच दोघंही गप्प झाली, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

चाळिशीच्या बाईला कुणी अडवावं असं नाही, हे त्याला कळत होतं. पण मग तिने सांगावं. आणि ह्या माणसाने गाडीच्या आडून घरात शिरू नये.

पुढच्या रविवारी उत्तम टेप घेऊन आला आणि त्याने यज्ञेश्वरला खुर्चीवर ताठ बसायला लावलं.

“साहेब, उजवा हात मागे न्या. अजून. कुठवर पोचतो?”

“ह्याचा एक्सलशी काय संबंध?”

“आहे थोडा,” उत्तम म्हणाला आणि त्याने मोजमाप हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून घेतलं. सरला खिडकीत उभी होती. यज्ञेश्वरने वर पाहताच ती बाजूला झाली.

गाडी आली त्या सकाळी उत्तम स्वतः ती चालवत घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी गटाराचा उंचवटा होता. तिथून येताना एक चाक चढलं, उतरलं, मग दुसरं चढलं, उतरलं. वर बसलेला उत्तम हललाही नाही. शेजारपाजारचे लोक बघायला बाहेर आले.

यज्ञेश्वर कुबड्या टेकत गाडीभोवती फिरला. खालचा दांडा गेला होता. मधोमध जाड लोखंडी गोळा, त्यातून दोन्ही बाजूंना सांधे असलेले आखूड दांडे, प्रत्येक चाकाला आपली स्प्रिंग. हे सांगितल्याप्रमाणे होतं. पण उजव्या हाताशी एक नवी दांडी होती.

“हे काय?”

“मागचा गिअर. पुढे ढकलला की गाडी मागे जाते. रिक्षाचाच आहे.”

“मी सांगितला नव्हता.”

“नाही, पण…” उत्तमने वाक्य सोडून दिलं.

सीटच्या उजव्या अंगाला, हात मागे नेला की बरोबर पोचेल अशा जागी, कुबड्या अडकवायला दोन कड्या होत्या. आतून रबर लावलं होतं. यज्ञेश्वरने त्यांना हात लावला नाही. त्याची नजर मागे गेली होती. मागची सीट नव्हती. तिच्या जागी पत्र्याची पेटी बसवलेली होती, रंगवलेली, कुलपाची कडी असलेली.

“सीट कुठे आहे?”

उत्तमने सरलाकडे पाहिलं. यज्ञेश्वरने ते पाहणं टिपलं.

“दादा, आधी चालवून तर बघ,” सरला म्हणाली.

“एकट्याने?”

“बरुआसागरच्या रस्त्याला जाऊन या साहेब,” उत्तम म्हणाला. “तो रस्ता खराब आहे. गाडी कळेल.”

आणि हे दोघं इथे राहतील, यज्ञेश्वरच्या मनात आलं. पण शेजारी बघत होते. तो गाडीवर चढला. कुबड्या कड्यांत बसवल्या; त्या टकदिशी बसल्या. त्याने हाताने किकची दांडी ओढली आणि तो निघाला.

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मागे कुणी नव्हतं. शहर संपेपर्यंत तो पाठीमागे वजन शोधत होता. वळणावर सरला झुकायची तिथे त्याचं अंग आपोआप आखडायचं आणि गाडी मात्र निवांत वळून जायची. मग रस्त्याचा डांबर उखडलेला तुकडा आला. त्याने वेग कमी केला नाही. खाली चाकं आपापले खड्डे घेत होती, वर-खाली होत होती, आणि तो मधे बसून राहिला होता, जसा खुर्चीत बसावा. एका ट्रकला जागा देताना गाडी कच्च्या साइडपट्टीवर उतरली, पुन्हा वर आली. त्याला हसू आलं. त्याने ते आवरलं नाही, कारण बघायला कोणी नव्हतं.

बरुआसागरच्या तळ्याच्या काठी चहाच्या टपरीशी तो थांबला. कुणाची मदत न घेता उतरला, चहा प्यायला, पुन्हा चढला. पुढे झाड होतं. त्याने दांडी ढकलली आणि गाडी मागे आली. कुणी ओढली नाही. हातात हँडल धरून तो तसाच थांबला.

मागचा गिअर. हाताशी कुबड्या. सीटच्या जागी पेटी. ह्यातलं काहीही उत्तमला सुचण्याजोगं नव्हतं. गाडी मागून ओढताना हात कसे सोलतात ते उत्तमला ठाऊक नव्हतं. हे सगळं सरलाने सांगितलं होतं. तिने एकेक करून स्वतःला गाडीवरून उतरवलं होतं.

ती जाणार होती. त्या माणसाबरोबर जाणार होती, आणि जाण्याआधी भावाची सोय लावून देत होती.

तो घरी पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सरला आणि उत्तम दोघंही दारात उभी होती.

“कशी आहे?” उत्तमने विचारलं.

“डावीकडे ओढते,” यज्ञेश्वर म्हणाला.

उत्तमने त्याच दिवशी दोन्ही चाकं तपासली. पुढच्या रविवारी येऊन पुन्हा सगळं सोडवलं, जोडलं. यज्ञेश्वर एक फेरी मारून आला आणि म्हणाला, “अजून ओढते. सीट परत बसवल्याशिवाय तोल यायचा नाही.” सरलाने उत्तमला सरबत दिलं आणि रिकामा पेला घेऊन आत गेली.

त्यानंतरच्या खेपेला उत्तमने हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. गाडी घेऊन तो एकटाच कुठेतरी जाऊन आला. आल्यावर ती सावलीत लावली, रुमालाने मान पुसली आणि यज्ञेश्वरसमोर पायरीवर बसला. सरला देवळात गेली होती.

“साहेब, मी दोन्ही हात सोडून चालवून बघितली. गाडी ओढत नाही.”

“म्हणजे मी खोटं बोलतो?”

“तसं मी म्हणत नाही. पण तुमच्या मनात काय आहे ते मला कळत नाही असंही नाही.” त्याने आवाज वाढवला नाही. “माझी बायको, कांता, गावाला असते. पोरगी बारावीला आहे. ह्या महिनाअखेर मी पेन्शनीत निघतो, पुन्हा इकडे यायचं काम नाही. म्हणून म्हणतो, जे काय असेल ते आत्ता बोला.”

बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“ताईंनी तुम्हाला काय सांगितलं होतं?” शेवटी त्याने विचारलं. आपणही ‘ताई’ म्हणालो हे त्याच्या मागाहून लक्षात आलं.

“त्यांनी मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारली. दादा एकटा बाहेर पडला तर एकटा घरी येईल अशी गाडी होईल का. मी म्हटलं, होईल. का हवी ते मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.” उत्तम उठला. “आणि एकट्याने घरी येता येत असेल तर तसं त्यांना सांगा. ताई रोज वाट बघतात, तुम्ही काय म्हणता त्याची.”

सरला परतली तेव्हा उन्हं उतरली होती. तिने प्रसादाचं खोबरं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते तोंडात टाकलं नाही.

“गाडी ओढत नव्हती,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“उत्तमने सांगितलं?”

“नाही. पहिल्या दिवशी तू दुपारपर्यंत आला नाहीस. ओढत असती तर पंधरा मिनिटांत परत आला असतास.”

ती वेताच्या मोड्यावर बसली. पदराने कपाळ पुसलं. मग सगळं सांगितलं, फार वेळ पाठ केलेलं असावं तसं, न थांबता. लांब गुरसरायला मुलींची शाळा आहे. मुख्याध्यापिकेची जागा. राहायला आवारातच दोन खोल्या. पूर्वी दोनदा विचारणा झाली होती, दोन्ही वेळा ती नाही म्हणाली होती.

“मला का नाही सांगितलंस तेव्हा?”

“सांगून काय? तू म्हणाला असतास, जा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागे कोण बसलं असतं?”

“आणि ह्या वेळी?”

“ह्या वेळी हात मोडला. घरी पडून होते तेव्हा विचार करायला वेळ मिळाला.” ती थोडं हसली. “मी हो म्हणून कळवलंय, दादा. तुला विचारून नाही कळवलं. आधी गाडी व्हायला हवी होती. कैऱ्यांचं खोटं सांगितलं, त्याचं वाईट वाटतं.”

यज्ञेश्वरने खोबरं तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिला.

“गुरसरायचा रस्ता कसा आहे?”

“फार वाईट.”

“बरं,” तो म्हणाला.

जुलैत शाळा उघडायच्या आधी ती निघाली. ट्रंक आणि चामड्याची बॅग दोन्ही पेटीत मावेनात, म्हणून बॅग पेटीत आणि ट्रंक तिच्या सायकल-रिक्षात पायाशी, असं ठरलं. यज्ञेश्वर पुढे गाडीवर, ती मागे रिक्षात. बसस्टँडला तो आधी पोचला. उतरला, कुबड्या काढल्या आणि गुरसरायची पाटी लावलेल्या बससमोर जाऊन कंडक्टरला विचारलं,

“ये गुरसराय ही जाएगी ना?”

“लिखा तो है बाबूजी.”

“लिखा तो है. जाएगी ना?”

“जाएगी, जाएगी.”

सरला आली. ट्रंक टपावर चढली. तिने त्याच्या खिशात किल्ल्या ठेवल्या, भांडी घासायला येणाऱ्या बाईंना काय काय सांगितलंय ते पुन्हा सांगितलं, आणि मग एकदम थांबली.

“इतकी वर्षं तुझ्या मागे बसले, पण तू रस्त्यावर गाडी चालवताना कसा दिसतोस ते मला माहीतच नव्हतं. आज रिक्षातून बघत होते.”

“कसा दिसतो?”

तिने पदर खोचला.

“फार जोरात चालवतोस,” ती म्हणाली, आणि दांडा धरून बसमध्ये चढली.